डब्यातल्या बकऱ्याची कंदुरी

तुमच्या थोरल्या भावाने गेल्या हिवाळ्यात इथे येऊन जी कंदुरी केली, तिचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिले असतील. मोठे पातेले, मागे दर्ग्याचा हिरवा झेंडा, पुढे जेवायला बसलेली पंगत आणि मधोमध गळ्यात झेंडूचा हार घातलेला, जिवंत, कंटाळलेला बकरा. खाली त्याने इंग्रजीत लिहिले आहे की एका दुष्काळी जिल्ह्यातल्या अख्ख्या गावाने एकही प्राणी न मारता मटणाची मेजवानी केली. मी ते चष्मा पुसून पुन्हा वाचले. व्याकरणाची चूक एकही नाही. बाकी सगळ्या चुका आहेत, आणि त्या दुरुस्त करण्यासाठी मी हे लिहिते आहे. थोरल्यानेही वाचावे. तो तिथे हजर होता, पण आपल्याकडचे बोलणे त्याला निम्मेच कळते आणि सगळा मामला उरलेल्या निम्म्यात झाला.

आधी कंदुरी म्हणजे काय ते. आपल्या शिवारात, ओढ्यापलीकडच्या टेकाडावर पिराचा दर्गा आहे. कुणाला मूल होत नाही, कुणाच्या बोअरला पाणी लागत नाही, कुणाचा मुलगा पोलीस भरतीत धावून धावून थकला, की घरातली बाई पिराला बकरा बोलते, म्हणजे बकऱ्याचा नवस करते. यात मुसलमान घरे आहेत तशी आपल्यासारखी शेतकरी घरेही आहेत. पिराने कधी कुणाचे आडनाव विचारल्याचे ऐकिवात नाही. मागितलेले मिळाले की बकरा धुऊन, हार घालून टेकाडावर न्यायचा. मुजावराने तो कापायचा, तिथेच चुली मांडायच्या, तिथेच शिजवायचे आणि येईल त्याला जेवू घालायचे. घरी काही न्यायचे नाही.

थोरला रांगत होता तेव्हा त्याला जावळासाठी गावी आणले होते. त्याला ताप चढला, आकडी आली. मी त्याला जीपमध्ये घालून केजला नेले आणि तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. त्याच वेळी माझी जाऊ, म्हणजे तुमची धाकटी आजी, अनवाणी टेकाडावर गेली आणि तिने पिराला बकरा बोलला. ताप उतरला. कशामुळे उतरला यावर आमच्या घरात दोन मते आहेत आणि दोन्ही मतांच्या बायका एकाच घरात स्वयंपाक करतात.

बकरा बोलून ती थांबली असती तर गोष्ट साधी होती. पण तिने वर अट घातली की कंदुरी होईपर्यंत आपण मटणाला तोंड लावणार नाही. ही अट दुसऱ्या कुणी घातली असती तर मी काही बोलले नसते. मीसुद्धा मटण खाते, पण दोन तुकडे खाल्ले की माझे समाधान होते. माझी जाऊ मटणाच्या हाडाची नळी ओढायला बसली की तिला मारलेली हाक ऐकू जात नसे. लग्न होऊन ती या घरात आली त्याच आठवड्यात तिने मला सांगितले होते की माझ्या हातचा रस्सा म्हणजे लाल पाणी आहे, आणि कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्यांनी मला निदान कांदा भाजायला तरी शिकवायला हवा होता. अशा बाईने मटण सोडले.

आपल्या घरात मटण आतल्या स्वयंपाकघरात जात नाही. मागच्या अंगणात त्याची वेगळी चूल, वेगळी भांडी. आखाडात पाहुणे आले की ती त्या चुलीवर सगळ्यांसाठी मटण रांधायची, मीठ कमी की जास्त ते वासावर ठरवायची आणि वाढून झाले की स्वतःची ठेचा-भाकरी घेऊन, जिकडे वास येणार नाही अशा बाजूला जाऊन बसायची. मध्यंतरी तुमच्या धाकट्या आजोबांनी नारायणगडावर जाऊन गळ्यात माळ घातली आणि मटण सोडले. गावात त्यांचे कौतुक झाले. ते कौतुक ऐकून ती मला म्हणाली, "ह्यांना नको व्हतं म्हणून सोडलं. मला पाहिजे हाय तरी सोडलंय. माजं कुणी हार घालून कौतुक केलं का?"

दर वर्षी ती कंदुरीसाठी एक बकरा राखायची. दर वर्षी तुमचे वडील फोनवर "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायचे. नवस ज्याच्यासाठी बोलला तो पोरगा कंदुरीला समोर पाहिजे, आणि पोरगा समुद्रापलीकडे. मग बकरा निबर व्हायचा, बाजारात जायचा, नवे करडू यायचे. तुमच्या वडिलांची रजा मंजूर होण्याची वाट पाहत इतके बकरे आमच्या अंगणात म्हातारे झाले, हे त्यांच्या कंपनीला कधी कळणार नाही.

शेवटी थोरला स्वतःच आला. उंच, दाढी वाढवलेला, पायात दोरीच्या चपला. आल्या आल्या त्याने अंगणातला बकरा पाहिला, त्याच्यापुढे उकिडवा बसला आणि त्याच्याशी इंग्रजीत बोलला. बकऱ्याने मान हलवली. मला थोरल्याचे उच्चार समजायला अजून त्रास होतो.

नवसाचे त्याला आईने सांगितले होते. चहा होताच त्याने विषय काढला.

"धाकटी आजी, मी प्राणी खात नाही."

"तू नको खाऊ की, राजा. लोक खातील."

"पण तो माझ्यामुळे मरणार."

"तुज्यामुळं न्हाई. तू जगलास त्याच्यामुळं."

"मला ते नको आहे. माझ्या नावाने कोणी मरायला नको."

जावेने हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाली, "लेकरा, तुज्या नावानं मी इतकी वर्सं मटण खाल्लं न्हाई. त्याचं काय करू सांग."

त्याच्याकडे उत्तर होते. त्याने दोन्ही बॅगा जमिनीवर आडव्या करून उघडल्या. कपडे एका पिशवीत मावतील एवढेच. बाकी सगळे डबे. डब्यांवर वाफाळलेल्या तपकिरी तुकड्यांचे चित्र आणि खाली मजकूर की हे मटणासारखे तुकडे असून पूर्णपणे वनस्पतींपासून बनवलेले आहेत. आत काय आहे ते बारीक अक्षरात होते, म्हणून मी भिंग आणून वाचले. गव्हातला चिकट भाग, सोयाबीन, बीटाचा रंग. आपल्या तालुक्यात सोयाबीनला भाव मिळत नाही म्हणून लोक रस्त्यावर येऊन बसतात. तेच सोयाबीन परदेशात मटणाचे सोंग घेऊन विमानाने आमच्या ओसरीवर उतरले होते.

जावेने एका डब्यावर बोटाने ठोकून पाहिले.

"ह्याच्यात बकरा हाय?"

"बकऱ्यासारखं आहे," थोरला म्हणाला. "चव अगदी तशीच. पीरबाबांना फरक कळणार नाही."

"आस्सं? मंग पिरानं तुला वाचवलं का वाचवल्यासारखं केलं?"

थोरल्याने माझ्याकडे पाहिले. मी भाषांतर करायला नकार दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जावा एक डबा घेऊन टेकाडावर मुजावरांकडे गेलो. कंदुरी नसेल तेव्हा ते केजच्या स्टँडवर फळांचा गाडा लावतात. कंदुरीच्या बकऱ्याची मुंडी आणि पाय मुजावरांच्या घरी जातात, अशी रीत आहे. त्यांनी डबा हातात घेतला, उलटा केला, हलवून पाहिला.

"बाई, ह्याची मुंडी कुठंय?"

"मुंडी नाही."

"आन् पाय?"

"पायही नाहीत."

मयताच्या घरी बोलतात तशा आवाजात ते "अरेरे" म्हणाले आणि डबा मला परत दिला. मग मात्र माणूस सरळ बोलला. "हे बघा, मी फातेहा देतो, लोबान लावतो. पन नवस माझा न्हाई. ज्यानं बोलला त्याच्या दिलाचा मामला हाय. ह्यांचं दिल म्हणलं कबूल, तर कबूल. न्हाई म्हणलं, तर न्हाई. मंग पुढच्या साली बकरा आणा."

ओढा ओलांडेपर्यंत जाऊ माझ्यापुढे झपझप चालत राहिली. मला वाटले होते ती खूश होईल. 'कबूल' एवढे एक म्हणायचे, आणि ती मोकळी. रविवारी मटण. ती मधेच थांबली.

"आक्का, माज्या जिभेला पाहिजे म्हणून मी कबूल म्हणले, आन् तकडं लेकराला काय झालं, तर?"

मी आकडी आणि ताप यांचा संबंध समजावून सांगायला तोंड उघडले. तिने हात वर केला. "तुमी इंग्रजीतलं सांगू नका. गुरुवारी जेवणं व्हवू द्या. माजं मन काय म्हणतंय ते तवा सांगीन."

म्हणजे सगळे तिच्या मनावर येऊन ठेपले. थोरल्याला हे मी नीट समजावले. तो म्हणाला, "मग चव चांगली झाली पाहिजे," आणि निश्चिंत मनाने बकऱ्याला गवत घालायला गेला.

मला कुठलेही काम आधी करून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. बुधवारी मी एक डबा उघडून पाहायचे ठरवले. गॅसवर पातेले ठेवणार तोच जाऊ दारात आडवी. "मटणाचं नाव लागलेलं आत यायचं न्हाई." मी म्हणाले, हे गहू आणि सोयाबीन आहे, रोज आपण आतच शिजवतो. ती म्हणाली, "मंग त्याच्यावर गहू लिव्हायचं व्हतं." मी मागच्या चुलीवर गेले.

डबा उघडताच भिजलेल्या पोत्याचा वास आला. डब्यावर लिहिल्याप्रमाणे मी रस्सा पूर्ण तयार केला, तुकडे शेवटी घातले, गरम होताच उतरवले. उकळायचे नाही, अशी ठळक सूचना होती. तुकडा तोंडात घातला की आधी मऊ लागतो, मग दात चिकटतात आणि चावून चावून शेवटी काय गिळले ते कळत नाही. वाईट म्हणावे असे त्यात काही नव्हते. चांगले म्हणावे असेही काही सापडले नाही.

तेवढ्यात तुमचे धाकटे आजोबा गोठ्याकडून आले आणि चुलीपासून जरा लांब उभे राहिले.

"वहिनी, ह्यात जीव नव्हता ना?"

"नाही, भाऊजी. गहू आणि सोयाबीन."

"मंग माळेला चालतंय."

त्यांनी एक वाटी खाल्ली. मग दुसरी मागितली. तिसऱ्या वाटीला त्यांचे डोळे मिटले. "लई दिवसांनी..." ते म्हणाले आणि थांबले, कारण बायको खांबाला टेकून बघत होती.

"माळ काढून खुंटीला टांगा," ती म्हणाली, "आन् मंग मिटा डोळे."

गुरुवारी सकाळी भावकी टेकाडावर जमली. थोरल्याने हट्ट धरला होता की बकराही आणायचा, हार घालायचा आणि सगळ्यांसमोर त्याला अभय द्यायचे. तसे झाले. बकरा हारातली फुले खात उभा राहिला. मलिदा झाला, चादर चढली, आणि आता शिजवायचे.

आचारी केजहून बोलावला होता. एरवी तो पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो, पण कंदुरीचे मटण करायला त्याला पार माजलगावापर्यंत बोलावणे असते. मी डबा त्याच्यापुढे धरून प्रत्येक सूचना मराठीत वाचून दाखवली. रस्सा आधी. तुकडे शेवटी. फक्त गरम करायचे. उकळायचे नाही. तो हात बांधून अदबीने ऐकत होता. "जी चाची," प्रत्येक वाक्याला म्हणत होता. वाचून झाल्यावर त्याने एक तुकडा उचलला, अंगठा आणि बोटात दाबला, सोडला. तुकडा रबरासारखा परत फुगला.

"निबर हाय," तो म्हणाला.

"अहो, ते मटण नाही."

"तेच म्हणतो ना चाची. डब्यात बसून बसून लई म्हातारं झालंय."

आणि त्याने टेकाडाखाली लावून ठेवलेल्या मुजावरांच्या गाड्यावरून कच्ची पपई मागवली. निबर मटण गळायला कच्ची पपई वाटून लावतात, हे इथल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. सगळ्या डब्यांतले तुकडे परातीत ओतून त्याने त्यांना पपई चोळली, झाकून ठेवले, मग हळद आणि कांद्याच्या पाण्यात घालून वर जड झाकण ठेवले आणि खाली जाळ लावला. मी पुन्हा जाऊन सांगितले. तो पहिल्यांदाच जरा चिडला. "चाची, कच्चं खाऊन पब्लिक आजारी पडली तर तुमच्या डब्याचं नाव न्हाई जाणार. माझं जाईल."

मी थोरल्याला बोलावले. निदान त्याचे तरी आचारी ऐकेल. तो बकऱ्याचे फोटो काढत होता, तो आला आणि म्हणाला, "कृपया हे उकळू नका."

"भैया, तुम टेन्शन मत लो," आचारी म्हणाला आणि जाळात आणखी एक लाकूड सरकवले.

पंगत बसली. पानांवर भाकरी पडल्या. आचाऱ्याने झाकण काढले, वाफ बाजूला केली आणि पळी खाली घालून वर काढली. पळीत नुसता दाट तपकिरी रस्सा. त्याने पुन्हा घातली. पुन्हा रस्सा. त्याने आत डोकावून पाहिले, आणि त्याचा चेहरा मला दिसला, म्हणून मला आधी कळले. पातेल्यात एकही तुकडा नव्हता.

तोवर वाढप्यांनी बादल्या भरून नेल्या होत्या.

"बोटी कुठंय बे?"

"ढवळ की, खाली असंल."

"ढवळलं. खाली बी पातळच."

"ही कंदुरी हाय का पिठलं?"

"अरे, तेराव्याला ह्याच्यापेक्षा बरं असतंय!"

मग एकाने मोठ्याने विचारले की सकाळी इतके डबे फोडलेले आपण डोळ्यांनी पाहिले, तर त्यातला माल गेला कुठे. सगळ्या माना आचाऱ्याकडे वळल्या. कंदुरीत माणसे सगळे माफ करतात, मीठ जास्त, भाकरी करपलेली. पण बोटी कुणी पळवली असा संशय आला की सख्खे भाऊ उठून उभे राहतात. एकजण जाऊन आचाऱ्याच्या मोटारसायकलची पिशवी उचकटून आला. "अम्मा की कसम," आचारी म्हणत होता, "एक तुकडा जिभेवर ठेवला न्हाई." थोरला मात्र पंगतीकडे बघून दोन्ही हात जोडून हसत होता. लोक एवढ्या मोठ्याने बोलतात म्हणजे त्यांना जेवण आवडले, असे त्याला वाटले.

मी उठले. पपई आणि उकळणे, दोन वाक्यांत सांगून झाले असते. पण माझ्या आधी जाऊ उठली होती.

ती पातेल्याशी गेली, आचाऱ्याच्या हातातली पळी घेतली, तळापासून वर आणली आणि रस्सा हळूहळू परत सोडला. मग तिने त्याला विचारले, "समदे टाकले व्हते?"

"समदे, चाची. ह्या हातानं."

"झाकण मधी कुणी काढलं?"

"कुणीच न्हाई. मी इथंच बसलेलो."

ती तशीच उभी राहिली. तिची नजर माझ्याकडे आली. माझे तोंड पपईसाठी उघडलेलेच होते. ती नजर मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. आकडी आलेल्या पोराला जीपमध्ये घालताना पाहिली होती तेवढीच. मी तोंड मिटले आणि खाली बसले.

तिने पदर डोक्यावरून घेतला, दर्ग्याकडे वळली आणि हात जोडले.

"पिरानं घेतलं," ती म्हणाली. "उचलून घेतलं. एक बी ठेवलं न्हाई. कबूल झालं."

मुजावर अनुभवी माणूस. त्यांनी निखाऱ्यावर मूठभर लोबान टाकला आणि मोठ्या आवाजात दुवा सुरू केली. धुराचा लोट उठला. आचारी, जो एका मिनिटापूर्वी चोर होता, तो आता चमत्काराचा एकमेव साक्षीदार झाला आणि डोळे पुसत सांगू लागला की झाकण उचलले तेव्हा वाफ सरळ न जाता दर्ग्याकडे वळली होती. सोयाबीनचे मटण होते यावर ज्यांचा सकाळपासून विश्वास बसत नव्हता, त्यांचा ते सोयाबीन पिराने उचलून नेले यावर तत्काळ बसला. मोटारसायकलची पिशवी उचकटणारा माणूस सगळ्यांत आधी डोके टेकवून आला. मग सगळे परत पानावर बसले आणि तोच रस्सा, ज्याला आत्ता पिठले म्हणत होते, वाटी पुढे करून करून मागू लागले. चव लई न्यारी आहे, असे दोघातिघांनी मला येऊन सांगितले. तुमच्या धाकट्या आजोबांनी तर बोलण्यात वेळ घालवला नाही.

"आजी, त्यांना आवडलं?" थोरल्याने विचारले.

"एक तुकडा उरला नाही," मी म्हणाले.

हेच वाक्य त्याने फोटोखाली इंग्रजीत घातले आहे.

तो विमानात बसला तेव्हा त्याच्या मनात एक बकरा वाचवल्याचे समाधान होते. ते खरेही आहे. बकरा वाचला. पण तो पिराच्या नावाने हार घातलेला, त्यामुळे आता त्याला कापता येत नाही, विकता येत नाही आणि हाकलताही येत नाही. तो गावात कुणाच्याही रानात शिरतो आणि लोक त्याला काठीऐवजी नमस्कार करतात. माझे कढीपत्त्याचे झाड त्याने शेंड्यापर्यंत खाल्ले. गेल्या आठवड्यात त्याने पोस्टमनला पाडले. थोरल्याला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, किती आनंदी आहे ना तो.

कंदुरीनंतरच्या रविवारी तुमचे धाकटे आजोबा माळ सदऱ्याच्या आत सरकवून केजला गेले आणि खाटकाच्या दुकानासमोर, लोकांच्या देखत, बायकोसाठी मटण घेऊन आले. याचे कौतुक गावात कुणी केले नाही. जावेने सकाळपासून मागच्या चुलीशी कुणाला येऊ दिले नाही. खोबरे भाजले, कांदा भाजला, मटण आधी नुसत्या हळदीत शिजवले. वास सगळ्या गल्लीत गेला. मग तिने स्वतःचे ताट वाढून घेतले आणि मला समोर बसवले.

भाकरी मोडली. बोटी उचलली. तोंडाजवळ नेली आणि थांबली.

"आक्का."

"काय गं?"

"पपईनं एवढं गळतंय का वो?"

मी पाणी पीत होते, पीत राहिले. तिने जन्मभर मटणाला पपई लावली आहे. पपईने मटण किती गळते ते तिला माझ्याहून जास्त ठाऊक. डब्यातल्या मालाचे मात्र तिला ठाऊक नव्हते.

"तुमी त्या डब्यावरचं वाचलं व्हतं," ती म्हणाली. बोटी अजून हातातच होती आणि रस्सा मनगटावरून कोपराकडे ओघळत होता. "खरं सांगा. माज्या जिभेपायी मी लेकराचं काय वंगाळ तर केलं न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले. "डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं. कितीही शिजवलं तरी तुकडे तसेच राहतात."

"आसं लिव्हलं व्हतं?"

"हो."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

"मंग खरं असंल," ती म्हणाली आणि बोटी तोंडात घातली.

थोरल्याने फोनवर तिच्याशी बोलताना पपईचे नाव काढायचे नाही. तुम्ही बाकीच्यांनीही नाही.

इतक्या वर्षांत तिच्या मागच्या दाढा गेल्या आहेत, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आले नव्हते. बोटी चावली जात नव्हती. जाऊ ती या गालातून त्या गालात फिरवत राहिली, सगळा रस ओढून घेतला आणि चोथा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मी म्हणाले, थांब, बारीक करून देते. तिला ऐकू गेले नाही. दुसरी बोटी उचलली, चोखली, चोथा पहिल्याच्या शेजारी ठेवला. मग तिसरी. मग नळी ओढायला घेतली, आणि तिचा आवाज ऐकून पुढच्या ओसरीवरचे भाऊजी हरिपाठ म्हणता म्हणता थांबले.